वय किती लिहिलंय, साहेब?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय 'बालगुन्हेगार आणि कायदा'. आधी या शब्दालाच हात घालतो. 'बालगुन्हेगार' हा शब्द आजच्या कायद्यात नाही. कायद्यातला शब्द आहे 'विधीसंघर्षग्रस्त बालक'. जीभ अडखळते, मला माहीत आहे. पण अर्थ सरळ आहे. ज्या मुलाची कायद्याशी गाठ पडली ते मूल. आधी मूल, गुन्हा केला की नाही ते पुढे बघू. पेपरात मात्र 'अल्पवयीन गुंड' छापून येतं, चौकीत 'ए रेकॉर्डवाल्या' म्हणतात, आणि आपल्या वस्तीतली माणसंसुद्धा अशा पोराला आयुष्यभर 'डोंगरी' म्हणून हाक मारतात. कायद्याने दिलेला साधा शब्द आपल्या पोरापर्यंत पोचत नाही. शब्द पोचत नाही तिथे कायदा काय पोचणार?

मी इथे कलमं घोकून घ्यायला आलेलो नाही. थोडी सांगेन, कारण ती तोंडात नसतील तर चौकीत तुमचं कुणी ऐकणार नाही. मला सांगायचंय ते एवढंच: या देशात अठरा वर्षांखालच्या मुलासाठी बरा कायदा आहे. पण तो सुरू होतो मुलाचं वय लिहिल्यावर. आणि आपल्या पोराचं वय लिहितो कोण? रात्रपाळीचा ठाणे अंमलदार. तिथेच, त्या पहिल्या रात्री, आपलं पोर बालपणातून बाद होतं. पुढची सगळी कोर्टकचेरी त्या एका आकड्यामागून फरफटत जाते.

पुण्याचं कल्याणीनगर तुम्हाला आठवत असेल. १९ मे २०२४, मध्यरात्र उलटलेली. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्श गाडी, आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर मेले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन दिला. आजोबांनी हमी दिली. अटींमध्ये एक अट अशी, की अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिही. सगळा देश खवळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. गाडी मीच चालवत होतो असं सांग, म्हणून घरच्या ड्रायव्हरला दाबल्याचा आरोप झाला. लोकांचा राग बघून मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडायला लावलं. त्याला प्रौढ समजून खटला चालवा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

तेव्हा आपलीही पोरं ओरडत होती, 'लटकवा साल्याला!' मी म्हणतो, थांबा. डोकं ठिकाणावर ठेवून बघा. रक्त बदललं असेल तर तो गुन्हा आहे. गरीब ड्रायव्हरच्या अंगावर गुन्हा ढकलायला बघितलं असेल तर तोही गुन्हा आहे, आणि आपल्याला तो नवा नाही. मालकाचं पाप गड्याच्या डोक्यावर ही या देशाची जुनी रीत. पण जामीन? समुपदेशन? घरच्या माणसाची हमी? हे सगळं कायद्याच्या पुस्तकात आहे. पैसेवाल्याने तिथे कायदा मोडला नाही. त्याने फक्त कायदा वेळेवर हजर केला. त्याच्या घरचा वकील रात्रीच्या रात्री उठतो. त्याच्या मुलाचा जन्मदाखला कपाटात फाईलला लावलेला असतो. त्याचे आजोबा हमी देतात तेव्हा साहेब खुर्ची देतात.

म्हणून माझं भांडण त्या निबंधाशी नाही. माझा सवाल असा आहे की आमच्या पोराला निबंध कधी सांगितला? आमच्या पोराला सहीसकट लिहायला येत असताना त्याचा अंगठा कोऱ्या कागदावर कुणी उठवून घेतला?

०

आता पुस्तक उघडू. बाल न्याय अधिनियम, २०१५. १५ जानेवारी २०१६ पासून लागू. त्याच्या आधी २००० चा होता, त्याच्या आधी १९८६ चा. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंतच मूल होता आणि मुलगी अठरापर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केले. हे आपोआप झालं नाही. शीला बारसे नावाची मुंबईची पत्रकार जेलांमधली पोरं मोजत फिरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा १९८६ मध्ये न्यायालयाने सरकारांना दटावून विचारलं, की जेलात किती मुलं आहेत आणि का आहेत.

आजचा कायदा काय म्हणतो? अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवायचं नाही, जेलात तर नाहीच. कुठल्याही परिस्थितीत नाही. बेडी घालायची नाही. त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यात हवा. आईबापाला कळवलं पाहिजे. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं केलं पाहिजे. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यात किमान एक बाई. मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही. गुन्हा फार गंभीर नसेल आणि बरोबर मोठी माणसं आरोपी नसतील तर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही. डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरची परिस्थिती लिहायची. गुन्हा जामीनपात्र असो नसो, जामीन हा नियम आहे. मुलगा दोषी ठरला तरी समज देऊन घरी पाठवणं, समाजसेवा, देखरेख, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, वाढीव मुदत धरून सहा महिन्यांत संपली नाही, तर प्रकरणच बंद.

ऐकलंत? आता मला सांगा, तुमच्या वस्तीतल्या किती पोरांच्या बाबतीत यातलं अर्धं तरी घडलं?

माझ्या माहितीतला एक पोरगा. नाव सांगत नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी चांगली आहे. दहावीला होता. रात्री लग्नाच्या हॉलवर ताटं उचलायला जायचा. एक वाजता घरी येताना आणखी तिघांबरोबर उचलला. कुणाचा तरी मोबाईल गेला होता. चौकीत विचारलं, वय काय? पोरगा म्हणाला, सोळा. हवालदार म्हणाला, 'मिशी बघ तुझी. एकोणीस लिहा हो.' संपलं. बाप कंत्राटी सफाईवर रात्रपाळीला. आई चौकीच्या पायरीवर बसून राहिली. तिला आत घेतलं नाही. शाळेचा दाखला ट्रंकेत होता, पण दाखला मागतात हेच तिला कुणी सांगितलं नाही. सकाळी कोर्टात चार आरोपी, चारही सज्ञान. पोरगा घाबरून गप्प. न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं नाही. दोन महिने मोठ्यांच्या बराकीत काढल्यावर वकिलाने दाखला दाखवला, मग रिमांड होम. तोवर बोर्डाची परीक्षा होऊन गेली. पुढे पुरावा नाही म्हणून सुटला. सुटला म्हणजे काय? त्याचं दहावीचं वर्ष परत देणारं कलम अजून कुणी लिहिलेलं नाही.

हे एकट्याचं नाही. माहितीच्या अधिकारात देशभरच्या जेलांना विचारलं गेलं. जानेवारी २०१६ ते डिसेंबर २०२१, सहा वर्षं. जेवढ्या जेलांनी उत्तर दिलं तेवढ्यांतच किमान ९,६८१ मुलं मोठ्यांच्या जेलात सापडली. पुढे त्यांना तिथून हलवलं म्हणून मोजता आली. जी हलवलीच नाहीत ती कुठल्या यादीत?

एक तर फाशीपर्यंत गेला. १९९४ मध्ये पुण्यात सात जणांचा खून झाला. भयंकर गुन्हा होता, त्यात लहान मुलंही मारली गेली. राजस्थानातून आलेला एक आरोपी कागदावर सज्ञान धरला गेला. त्याला फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शाळेच्या नोंदी बघून मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा! अठ्ठावीस वर्षं जेलात काढून तो बाहेर आला. मुलाला फाशी देता येत नाही, हा कायदा १९९४ मध्येही होता. पण शाळेचं रजिस्टर कुणी उघडून बघितलं नाही.

आणि रजिस्टर तरी कसलं? तुमच्यातल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करा. बघा! अर्धी सभा एकाच दिवशी जन्माला आली. मास्तरने शाळेत नाव घालताना पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून बघितला आणि लिहिलं १ जून. आई सांगते, 'ज्या साली दुष्काळ पडला त्या साली झाला.' अशा पोराच्या बालपणाचा पुरावा म्हणजे मास्तरने मारलेला अंदाज. तरी सांगतो, तो दाखला सोन्यासारखा जपा. कायद्यात पहिला मान शाळेच्या किंवा बोर्डाच्या दाखल्याला आहे, तो नसेल तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडं दोन वर्षं इकडे किंवा तिकडे खोटं बोलू शकतात, हे न्यायालयानेच मानलंय. आमच्या पोरांची हाडं तर लहानपणापासून ओझी उचलून पिकलेली.

०

वय सिद्ध झालं, समजा. पुढे जामीन. मी सांगितलं, जामीन हा नियम. पण त्याला अपवाद आहे. मुलाला सोडलं तर तो ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याला नैतिक, शारीरिक, मानसिक धोका होईल असं वाटलं, तर जामीन नाकारता येतो. वाचायला किती मायेचं वाटतं! पण हे वाक्य झोपडपट्टीवर ठेवून बघा. पोरगा राहतो कुठे? अमुक नगर, नाल्याच्या कडेला. शेजारी कोण? एक तडीपार, एक दारूचा गुत्ता. मग संगत वाईट, धोका आहे, जामीन नको. बंगल्यातल्या पोराला त्याचा पत्ता सोडवतो, आपल्या पोराला त्याचा पत्ताच अडकवतो. नाल्याच्या कडेला राहायला आम्ही हौसेने गेलो होतो काय? गावाने गावकुसाबाहेर ठेवलं, शहराने नाल्याकडेला ठेवलं, आणि आता कायदा म्हणतो तुमची जागा वाईट!

याला इतिहास आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी... पोर आईच्या पोटात असतानाच गुन्हेगार. १८९७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, की चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची पोरं आईबापापासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवता येतील. चार वर्षांचं पोर! आणि त्याच राज्यात १९२४ मध्ये मुंबईचा बाल अधिनियम आला. त्यात सुधारणेची, संगोपनाची गोड भाषा. म्हणजे एकाच सरकारच्या टेबलावर दोन पुस्तकं. एकात लिहिलंय, मूल आहे, सुधारेल. दुसऱ्यात लिहिलंय, जातच चोराची, कुंपणात ठेवा. कुठलं पुस्तक कुणासाठी उघडायचं ते पोराच्या आडनावावर ठरायचं.

३१ ऑगस्ट १९५२ ला ते दुसरं पुस्तक रद्द झालं. पण लगेच 'सवयीचे गुन्हेगार' नावाचे कायदे आले; मुंबई राज्यात १९५९ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की जेलाच्या नियमावल्यांमधून जात काढा, जातीवरून झाडू हातात देऊ नका, विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजू नका. सुकन्या शांता या पत्रकार बाईने हे प्रकरण न्यायालयात नेलं. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर! फटक्यांची शिक्षा १९५५ मध्ये कायद्यातून गेली. चौकीतला पट्टा कुठल्या साली जाणार?

२०१९ ची सरकारी आकडेवारी बघा. लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के, आणि जेलातल्या शिक्षा झालेल्यांत २१.७ टक्के. अनुसूचित जमाती ८.६ टक्के, आणि शिक्षा झालेल्यांत १३.६ टक्के. आता कुणी म्हणेल, तुमच्याकडे गुन्हे जास्त. मी म्हणतो, आमच्याकडे दिव्याखाली उभे राहिलेले पोलीस जास्त. रात्री संशयास्पद फिरताना सापडला, लाव एकशेबावीस. भांडणात दिसला, कर चॅप्टर केस. रात्री दोनला बंगल्यातला पोरगा फिरतो तेव्हा तो पार्टीवरून येत असतो. आपला पोरगा फिरतो तेव्हा तो 'फिरताना मिळून येतो.'

०

आता २०१२ कडे येतो. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत बसमध्ये जे झालं त्याने कुणाचंही रक्त उसळेल. सहा आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता. रस्त्यावर मागणी आली, वय सोळावर आणा. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं, वय कमी करू नका. त्या वेळी देशातल्या एकूण गुन्ह्यांत मुलांवरच्या गुन्ह्यांचा हिस्सा सव्वा टक्क्याच्या आसपास होता. संसदेच्या स्थायी समितीनेही विरोध केला. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये कायदा झाला. 'निर्घृण' गुन्हा असेल आणि पोरगा सोळा ते अठरामधला असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक पारख करणार. त्याची कुवत किती, त्याला परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. आणि वाटलं तर त्याला मोठ्यांसारखा खटला चालवायला पाठवणार.

आता निर्घृण म्हणजे काय ते नीट ऐका, कारण खरी गोम इथे आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा लिहिली आहे तो निर्घृण. किमान. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं, की किमान शिक्षा लिहिलेलीच नसेल तर कमाल कितीही असो, तो गुन्हा या खान्यात बसत नाही. सदोष मनुष्यवधाच्या कलमात कमाल शिक्षा मोठी आहे, पण सात वर्षांची किमान अट नाही. म्हणजे कुणी दारू पिऊन गाडीखाली दोन माणसं मारली, तर तो निर्घृणाच्या खान्यात येत नाही. आणि जबरी चोरी करताना घातक हत्यार वापरलं, चाकू दाखवून मोबाईल घेतला, तर किमान सात वर्षं. तो निर्घृण! चाकू दाखवणं चांगलं असं मी म्हणत नाही. पण हा तराजू बघा. श्रीमंताच्या पोराच्या हातात जे शस्त्र असतं, चार चाकांचं, त्याला किमान शिक्षा नाही. गरिबाच्या पोराच्या हातात जे असतं त्याला आहे. हा कायदा लिहिताना कुणी कट केला असेल असं नाही. पण लिहिणाऱ्याला भीती कुणाची वाटत होती ते कलमात उतरलं.

आणि ती पारख कशी होते? एका पोराला इंग्रजीत बोलता येतं, त्याला समुपदेशक मिळालेला आहे, तो खाली मान घालून 'चूक झाली' म्हणतो. आपलं पोर चौकीत मार खाऊन आलंय, ते भिंतीकडे बघत बसतं. लिहिणारा लिहितो, पश्चात्ताप दिसत नाही.

दुसरी गोष्ट प्रेमाची. हसू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीचं वय सोळावरून अठरा केलं. लहान मुलांवरच्या अत्याचाराविरुद्ध तो कायदा हवाच होता, आपल्या लेकींना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. पण सतरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा एकमेकांबरोबर निघून गेले, आणि मुलगा आपल्यातला असला, तर मुलीच्या घरचे काय करतात? अपहरण आणि पोक्सो. २०१९ पासून त्यातल्या बलात्कारासारख्या कलमाला किमान दहा वर्षं आहे. म्हणजे पुन्हा निर्घृण, पुन्हा पारख, पुन्हा मोठ्यांचं कोर्ट. जातीबाहेर प्रेम केलं याची शिक्षा द्यायला आता काठी लागत नाही, कलम पुरतं.

काठी लागते तिथे काठीही आहेच. नगर जिल्ह्यातलं खर्डा, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा आपला पोरगा, सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून झाडाला लटकवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फिरले. तोही अठराच्या आतलाच होता, मित्रांनो. मुलांसाठीचा कायदा म्हणता, तेव्हा ते मूल या कायद्याला का दिसलं नाही? आपलं पोर आरोपी असलं की ते मोठं, आणि मेलं की कुणीच नाही.

०

आता तुमच्या मनातला प्रश्न मीच काढतो. 'भाऊ, वस्तीत पोरं कोयते नाचवतात. परवा एकाला भोसकलं, तोही आपलाच होता. यांनाही दुधाची बाटली द्यायची काय?'

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात मढं पडलं त्याच्यापुढे मी व्याख्यान देणार नाही. त्याला न्याय मिळालाच पाहिजे, साक्ष झाली पाहिजे, खटला उभा राहिला पाहिजे. पण सतरा वर्षांच्या पोराला मुरलेल्या दादांच्या बराकीत टाकून तुम्ही काय मिळवता? तो तिथून शिकून येतो. आत जाताना त्याच्या खिशात चोरीचा मोबाईल असतो, बाहेर येताना डोक्यात टोळीचा नंबर असतो. आणि कोयता त्याच्या हातात दिला कोणी? पंचवीस-तीस वर्षांच्या दादाने, जो सांगतो, 'तू अठराच्या आत आहेस, तुला काय होत नाय.' कायद्याने अशा दादालाही शिक्षा सांगितली आहे. मुलाला गुन्ह्यासाठी वापरणं हाच वेगळा गुन्हा आहे. ते कलम लावा म्हणून किती मोर्चे निघाले? आपल्याच एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो दादा हात जोडून उभा असतो, म्हणून निघत नाहीत.

आणि चळवळीलाही एक विचारतो. ३ जानेवारी २०१८ चा बंद झाला. पुढे कोम्बिंग झालं, दारं तोडून पोरं उचलली, त्यात अठराच्या आतली असल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक उठले, पुन्हा वस्त्यांत पोलीस घुसले. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीत मेला. बंदच्या दिवशी सगळ्यात पुढे कोण असतं? चौदा-पंधरा वर्षांची पोरं. नेते टीव्हीसमोर असतात. मग रात्री त्या पोरांच्या मागे चौकीत कोण जातं? बंदची हाक देणाऱ्याने रात्रीच्या वकिलाची यादी आधी करावी, मग हाक द्यावी.

०

काय करायचं ते सांगतो आणि बसतो.

प्रत्येक वस्तीत पाच जणांचं पथक करा. रात्री ज्यांचा फोन लागतो असे पाच. त्यात दोन मुली हव्यात, कारण आई चौकीच्या पायरीवर बसलेली असते, आणि तिच्याशी बोलायला बाई लागते. वस्तीतल्या बारा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक पोराच्या शाळेच्या दाखल्याची आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स एका फाईलला लावा. ज्याचा जन्मदाखला नाही त्याचा आत्ता काढा. पोर उचलल्यावर वॉर्ड ऑफिस उघडं नसतं.

पोर उचललं की भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. आवाज खाली, मान वर. विचारा: 'साहेब, डायरीत वय किती लिहिलंय? हा दाखला. याची पोच द्या.' विचारा: 'बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?' प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. पोच दिली नाही तर दाखल्याचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवा, वेळ लिहून ठेवा. १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावा. कोर्टात नेलं तर पोराला एकच वाक्य शिकवा: 'साहेब, माझं वय अठराच्या आत आहे.' तेवढं म्हटलं की न्यायालयाला वयाची चौकशी करावीच लागते. आणि हा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, शिक्षा झाल्यावरसुद्धा काढता येतो.

वकिलाला पैसे नाहीत असं म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, कमाई किती हे न विचारता. विधी सेवेच्या हेल्पलाईनचा नंबर १५१००. दिलेला वकील येत नसेल तर तसं लिहून द्या. मोठ्यांच्या जेलात मुलं आहेत का ते तपासायचं काम बाल न्याय मंडळाचं आहे. शेवटची तपासणी कधी केली ते माहितीच्या अधिकारात विचारा. पोरगा एकोणीस-वीसचा असला तरी हात टेकू नका. १९५८ चा परिविक्षेचा कायदा म्हणतो, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर एकवीसच्या आतल्याला सहसा जेलात पाठवायचं नाही, पाठवलं तर न्यायालयाने कारण लिहायचं. ते कारण मागा.

आणि ज्यांच्यावर लहानपणी केस झाली आणि जे आता पोलीस भरतीला पळतायत, त्यांनी ऐका. मूल म्हणून चाललेल्या प्रकरणाचा डाग पुढे लागता कामा नये असं कायदाच सांगतो. निर्घृण म्हणून मोठ्यांसारखी चाललेली प्रकरणं तेवढी वेगळी. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कारणावरून नाकारलेल्या एका तरुणाच्या बाजूने निकाल दिला. फॉर्म भरायच्या आधी वकिलाला दाखवा. घाबरून घरी बसू नका.

बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की राबवणारी माणसं वाईट निघाली तर चांगली घटनाही वाईट ठरेल. आपण आजवर राबवणाऱ्यांना शिव्या दिल्या. शिव्या द्याच, त्या त्यांनी कमावल्या आहेत. पण रात्री एक वाजता ठाण्याच्या टेबलावर जेव्हा आपल्या पोराचं वय लिहिलं जातं, तेव्हा पेन धरलेल्या हातासमोर आपल्यातलं कुणीतरी दाखला घेऊन उभं असलं पाहिजे.

श्रीमंताच्या पोराचं बालपण काढून घ्या असं आपलं म्हणणं नाही. आमच्या पोराचं आम्हाला द्या. सोळाचं सोळा लिहा.

उद्यापासून झेरॉक्स गोळा करायला सुरुवात करा. जयभीम!